एक्केचाळीस अंशांना उघडणारी कुपी

मुठेल साधारण ३८ ते ४० अंश सेल्सिअसला वितळतं. देवगडजवळच्या जामसंड्यात हे कुणी थर्मामीटर लावून शोधलेलं नाही, पण जुन्या घरांतल्या बायकांना ते हाताला ठाऊक आहे. रातांब्याच्या बिया वाळवायच्या, टरफल काढून कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर तरंगणारं तेल काढून घ्यायचं आणि ते निवत आलं की मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे. गोळ्यावर मूठ उमटते, म्हणून ते मुठेल. मे महिन्यात पारा पस्तिशीला टेकलेला असतानाही फळीवरचा गोळा जसाच्या तसा राहतो. थंडीत टाचांना भेगा पडल्या की तोच गोळा चुलीच्या धगीला क्षणभर धरायचा आणि चोळायचा. माझी आजी तो आमच्या हातात द्यायची आणि बजावायची, "मुठीत घट धरून बसा नको, मऊ पडतला."

खोबरेलाचं वागणं वेगळं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते बाटलीत थिजून बसतं आणि ऊन अंगणात आलं की सुटतं. त्याची सीमा २४ अंशांच्या आसपास. दोन्ही मेद आपल्याच परसातले, दोन्ही पांढरे, दोन्हीही स्वयंपाकात आणि अंगाला चालणारे. मग एक २४ अंशांना सुटतं आणि दुसरं ४० अंशांची वाट का पाहतं?

या प्रकरणाचा विषय कर्करोगावरचं औषध आहे, पण तो सगळा या एका प्रश्नावर उभा आहे.

मेदाचा रेणू म्हणजे डोकं आणि त्याला लोंबणाऱ्या शेपट्या, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. शेपटी ही कार्बनच्या अणूंची साखळी. खोबरेलात १२ कार्बनच्या शेपट्यांचा भरणा असतो, तर मुठेलात १८ कार्बनच्या. साखळी जितकी लांब, तितक्या शेजारच्या साखळ्या एकमेकींना लांबवर चिकटून राहतात आणि त्यांना सोडवायला तितकी जास्त उष्णता लागते. मुठेलातल्या १८ कार्बनच्या साखळ्यांपैकी बऱ्याचशा मध्येच वाकलेल्या असतात. वाकडी काठी मोळीत नीट बसत नाही, तशा त्या दाटीत बसत नाहीत. म्हणून मुठेल चाळिशीतच हार मानतं. सगळ्या शेपट्या सरळ असत्या तर ते आणखी बरंच तापवावं लागलं असतं. थोडक्यात, मेदाचा वितळबिंदू हवा तसा जुळवता येतो. शेपटी दोन कार्बननी लांब-आखूड केली की तो पुढे-मागे सरकतो.

आता औषधाकडे वळू. किमोथेरपीच्या खोलीत बसलेल्या कुणालाही एक औषध लगेच ओळखू येतं, कारण ते लाल असतं. सलाइनच्या नळीतून कोकमाच्या आगळासारखा रंग खाली उतरतो आणि पुढे दिवसभर लघवीही तांबूस होते. त्याचं नाव डॉक्सोरुबिसिन. त्याचं मूळ इटलीत, आड्रियाटिक समुद्रालगतच्या अपुलिया प्रांतातल्या मातीत आहे. तिथल्या एका किल्ल्याजवळच्या मातीतून १९५० च्या दशकात लाल रंगद्रव्य तयार करणारा सूक्ष्मजीव सापडला. त्याच घराण्यातून पुढे हे औषध निघालं आणि समुद्राच्या नावावरून त्याला अॅड्रियामायसिन हे व्यापारी नाव मिळालं. स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा, हाडांचे आणि स्नायूंचे कर्करोग अशा अनेक आजारांत ते आजही वापरलं जातं.

ते पेशीच्या डीएनएमध्ये घुसून तिची वाढ थांबवतं. पण शिरेतून दिलेलं औषध गाठ ओळखत नाही. ते रक्ताबरोबर सगळीकडे जातं: केसांच्या मुळांशी, आतड्याच्या अस्तरात, हाडांच्या मगजात आणि हृदयात. हृदयावरचा परिणाम साचत जातो. म्हणून माणसाला आयुष्यभरात किती डॉक्सोरुबिसिन द्यायचं याला मर्यादा आहे. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम. त्यापुढे गाठ औषधाला दाद देत असली तरी डॉक्टरांना हात आखडता घ्यावा लागतो. माझ्या वहिनीच्या फाइलमध्ये प्रत्येक फेरीनंतर ही बेरीज लिहिलेली असायची. तो आकडा वाढताना पाहणं हे केस गळण्यापेक्षा आम्हाला जड गेलं. औषध तेच, गाठही तीच, पण दिलेल्या औषधापैकी गाठीत प्रत्यक्षात पोहोचतं ते फार थोडं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

ही गळती थांबवायची तर औषधाला वाटेत झाकून ठेवणारी कुपी हवी. ती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजजवळच्या बाब्रहम इथे अॅलेक बँगहॅम यांना सापडली. पेशींच्या आवरणातला फॉस्फोलिपिड हा मेद पाण्यात घातला की त्याचे रेणू आपोआप दोन थरांची भिंत रचतात. डोकी पाण्याकडे, शेपट्या आत. ही भिंत गोल वळून आपल्याच पोटात थोडं पाणी कोंडून घेते. त्या गोळ्याला पुढे लायपोसोम हे नाव पडलं. आपण त्याला मेदकुपी म्हणू. औषधासाठी वापरतात त्या मेदकुपीचा व्यास साधारण १०० नॅनोमीटर असतो. रक्तातल्या एका तांबड्या पेशीच्या रुंदीवर अशा ७०-८० कुप्या ओळीने मांडता येतील.

महाराष्ट्राच्या घराघरांत लायपोसोम हा शब्द पोहोचला तो २०२१ च्या उन्हाळ्यात. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेमागोमाग म्युकरमायकोसिस, म्हणजे ज्याला लोक काळी बुरशी म्हणाले तो आजार आला आणि नातेवाईक लायपोसोमल अॅम्फोटेरिसिनसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत फोन करत सुटले. साधं अॅम्फोटेरिसिन मूत्रपिंडाला मारक असतं. मेदकुपीत घातलं की ते बरंच सौम्य होतं. हे ज्ञान परदेशातून तयार आलेलं नव्हतं. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठाबरोबर भारतीय लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन विकसित केलं होतं आणि रुग्णांवर त्याच्या चाचण्याही घेतल्या होत्या. त्या औषधाची एक गोष्ट आपल्या विषयाशी थेट जुळते. रुग्णाला देण्याआधी त्याची बाटली पाऊण तास अल्ट्रासाउंडच्या पाण्यात ठेवतात. ध्वनीच्या धक्क्यांनी मोठ्या कुप्या फुटून लहान होतात. ध्वनी आणि मेदकुपी यांची गाठ परळमध्ये अशी केव्हाच पडलेली आहे, फक्त शरीराबाहेर.

डॉक्सोरुबिसिनची मेदकुपी अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झाली. २०१२ मध्ये तिचा तिथे तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स आयात करू दिलं आणि पुढच्याच वर्षी त्या कंपनीच्या जेनेरिकला मान्यता दिली. हृदयाला होणारी इजा या कुपीमुळे घटली. पण एक अडचण राहिली. कुपी इतकी पक्की बांधलेली असते की ती औषध फार हळूहळू सोडते, आणि ते गाठीतच सोडावं असंही काही बंधन नसतं.

कुपी वाटेत घट्ट राहावी आणि गाठीत शिरताच उघडावी, या दोन मागण्या एकमेकींच्या उलट जातात. मुठेलाकडे मात्र याचं उत्तर आहे. फळीवर घट्ट, धगीला मऊ.

१९७८ मध्ये मिल्टन याटविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात नेमकी हीच कल्पना मांडली. कुपीची भिंत अशा मेदाची करायची, जो ३७ अंशांना घट्ट असेल आणि थोडं तापवताच सुटेल. मग शरीराचा फक्त गाठ असलेला भाग तापवायचा. १६ कार्बनच्या दोन सरळ शेपट्या असलेला डीपीपीसी नावाचा फॉस्फोलिपिड सुमारे ४१.५ अंशांना वितळतो. १८ कार्बनचा त्याचा भाऊ थेट ५५ अंशांपर्यंत जातो. दोन कार्बनचा फरक, आणि तेरा-चौदा अंश! पंचावन्न अंशांना मांस शिजायला लागतं, त्यामुळे तो उपयोगाचा नाही. डीपीपीसी मात्र जणू यासाठीच घडवलेला वाटतो. निरोगी अंगाच्या उष्णतेपेक्षा चार अंश वर, आणि ऊतकांना इजा व्हायला लागते त्याच्या जेमतेम खाली.

इथे एक बारकावा आहे आणि मला तो फार सुंदर वाटतो. कुपीतून औषध सर्वांत वेगाने बाहेर पडतं ते भिंत वितळत असताना, पूर्ण वितळून झाल्यावर नव्हे. त्या वेळी भिंतीचे काही तुकडे अजून घट्ट असतात आणि काही सुटलेले. दोहोंच्या सांध्यांवर फटी पडतात आणि औषध त्या फटींतून निसटतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले डेव्हिड नीडहॅम आणि मार्क ड्यूहर्स्ट यांनी या फटींवरच काम केलं. त्यांनी भिंतीत एकच शेपटी असलेला लायसोलिपिड साधारण दहा टक्के मिसळला. एका शेपटीचा रेणू फटीच्या कडेला नीट बसतो आणि तिला मिटू देत नाही. २००० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. या कुप्या चाळिशीच्या थोड्या वर गेल्या की अर्ध्या मिनिटाच्या आत बहुतेक औषध ओततात.

अर्ध्या मिनिटाचं महत्त्व मोठं आहे. आधीच्या मेदकुप्यांना गाठीच्या रक्तवाहिन्यांतून पाझरून बाहेर पडावं लागे, त्याला तास जात, आणि सगळ्याच गाठी पाझरू देत नाहीत. या नव्या कुपीला बाहेर पडण्याची गरजच नाही. तापलेल्या भागातून वाहताना ती रक्तवाहिनीतच फुटते आणि मोकळं झालेलं औषध वाहिनीच्या भिंतीतून शेजारच्या पेशींत उतरतं. मागून येणारं रक्त नव्या भरलेल्या कुप्या आणत राहतं. गाठ तापलेली आहे तोवर हे चालू राहतं.

पण पोटात खोल, यकृताच्या आत दडलेली गाठ ४१ अंशांना कशी न्यायची? वरून शेक दिला तर कातडी भाजेल. सुई घालून तापवता येतं, पण त्यात सुईजवळ फार आणि लांब थोडं असं होतं. इथे ध्वनी येतो.

देवगड बंदरातून निघणाऱ्या बहुतेक यांत्रिक होड्यांवर आता फिश फाइंडर असतो. तो खाली पाण्यात ध्वनी सोडतो आणि तळाचा, माशांच्या थव्याचा प्रतिध्वनी पडद्यावर दाखवतो. या यंत्राचा पूर्वज पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी जन्मला. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पॉल लाँजव्हँ यांनी १९१७ च्या सुमारास क्वार्ट्झच्या स्फटिकापासून पाण्यात तीव्र श्राव्यातीत ध्वनी निर्माण केला. त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. ध्वनीच्या झोतात आलेले मासे मरत होते आणि पाण्यात हात घातला तर दुखत होतं. ध्वनी नुसती खबर आणत नाही, तो ऊर्जाही नेऊन टाकतो, हे तिथे कळलं. सोनोग्राफी पहिल्या गुणावर चालते, आपला उपचार दुसऱ्यावर.

या ऊर्जेला एका जागी गोळा करायचं कसं, हे देवगडच्या किल्ल्याच्या टोकावर उभं राहून समजतं. पावसाळ्यात समुद्रावरून येणाऱ्या लाटेची रांग सरळ असते. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात ती मंदावते आणि टोकाभोवती वाकते. दोन्ही बाजूंचं पाणी टोकाकडे वळतं, म्हणून खडपावर लाट फुटते ती कमरेएवढी नव्हे, माणसाच्या दुप्पट. तीच लाट आत खाडीकडे वळली की पसरून विरते, म्हणूनच देवगडचं बंदर होड्यांना सुरक्षित वाटतं. उपचाराच्या यंत्राचं तोंड वाटीसारखं खोलगट असतं. त्याच्या सगळ्या पृष्ठभागावरून निघालेल्या लहरी एकाच बिंदूकडे येतात. कातडीतून जाताना त्या विरळ असतात, काही करत नाहीत. जिथे भेटतात तिथे मात्र ऊतक तापतं. सेकंदाला १० लाख कंपनांचा ध्वनी शरीरात १,५४० मीटर वेगाने जातो, म्हणजे एक लहर दीड मिलिमीटर लांब. त्यामुळे तिचा बिंदू तांदळाच्या दाण्याएवढा लहान करता येतो. गाठ मोठी असेल तर तो दाणा गाठीतून मागे-पुढे फिरवत न्यायचा.

जोर वाढवला की हाच बिंदू ऊतक जाळतो. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी असा ध्वनी वापरून जाळण्याचा उपचार मुंबईतही झाला आहे. आपल्याला मात्र जाळायचं नाही, नुसतं कोमट करायचं आहे. आणि तेच जास्त अवघड. जाळताना साठ अंश झाले काय आणि सत्तर झाले काय, पेशी मरतेच. इथे ३९.५ च्या खाली कुपी उघडत नाही आणि फार वर गेलं की रक्तवाहिन्याच बंद पडतात, मग नव्या कुप्या येणार कुठून? त्यात श्वासाबरोबर यकृत सेंटिमीटरभर वर-खाली होतं, फासळ्या ध्वनी अडवतात, आतड्यातली हवा त्याला परतवते आणि शेजारची जाड रक्तवाहिनी सतत उष्णता धुऊन नेते.

हे सगळं सांभाळून माणसावर पहिल्यांदा काम झालं ते ऑक्सफर्डच्या चर्चिल रुग्णालयात. चाचणीचं नाव टारडॉक्स. मार्च २०१५ ते मार्च २०१७ या काळात यकृतात कर्करोगाच्या गाठी असलेल्या १० रुग्णांवर ती झाली. कॉन्स्टँटिन कुसिओस यांच्या अभियंत्यांचा चमू आणि मार्क मिडलटन यांच्यासारखे कर्करोगतज्ज्ञ एकत्र आले होते. रुग्णाला पूर्ण भूल द्यायची, म्हणजे श्वास हवा तेव्हा थांबवता येतो. शिरेतून मेदकुप्यांतलं डॉक्सोरुबिसिन सोडायचं. मग बाहेरून ध्वनीने एक निवडलेली गाठ तापवायची. पहिल्या सहा रुग्णांच्या गाठीत बारीक तापमापक सुई ठेवली होती. खरोखर किती अंश झाले ते त्यावरून कळलं. त्यातून शिकून पुढच्या चार रुग्णांत सुईशिवाय, केवळ आधी केलेल्या गणितावर विसंबून तापवलं.

निकाल २०१८ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आला. औषध दिल्यावर लगेच घेतलेल्या तुकड्यात दर ग्रॅम गाठीमागे सरासरी २.३४ मायक्रोग्रॅम डॉक्सोरुबिसिन होतं. तापवल्यानंतर ते ८.५६ झालं. म्हणजे औषधाचा डोस न वाढवता गाठीत सुमारे ३.७ पट औषध. १० पैकी ७ रुग्णांत ते निदान दुप्पट झालं. वहिनीच्या फाइलमधली बेरीज डोळ्यांपुढे असलेल्या मला हे आकडे पहिल्यांदा वाचताना थांबावं लागलं. बेरीज तेवढीच ठेवून गाठीचा वाटा वाढवता येतो, हे माणसाच्या शरीरात कुणीतरी मोजून दाखवलं होतं.

पण या चाचणीने काय दाखवलं नाही तेही सांगायला हवं. रुग्ण जास्त जगले का, हा तिचा प्रश्नच नव्हता. शिवाय तापवलेली गाठ एकच, बाकीचं औषध अंगभर फिरलंच. निम्म्या रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही काळ फार खाली गेल्या आणि मग सावरल्या. याच कुप्यांनी त्याआधी एक मोठा पराभव पाहिलेला होता आणि नंतरही एक पाहिला. यकृताच्या कर्करोगात सुई घालून रेडिओलहरींनी गाठ जाळायची आणि सोबत या कुप्या द्यायच्या, अशा चाचणीत ७०१ रुग्ण होते. जानेवारी २०१३ मध्ये जाहीर झालं की फायदा दिसला नाही. मग ज्यांना सुईने निदान पाऊण तास तापवलं होतं त्यांच्यात आशा दिसली, म्हणून तेवढा वेळ बंधनकारक करून ५५६ रुग्णांची दुसरी चाचणी झाली. तीही २०२० मध्ये निष्फळ ठरली.

माझं मत असं की या दोन चाचण्यांतलं अपयश कुपीपेक्षा धगीचं जास्त आहे. जळणारी सुई मधोमध मांस करपवते, तिथे रक्तच उरत नाही, मग कुप्या येणार कशा? हवा असलेला कोमटपणा फक्त तिच्या कडेच्या पट्ट्यात असतो आणि तो किती अंश, किती वेळ, हे कुणी धरून ठेवत नाही. मुठेल थेट आगीत टाकलं तर जळून जातं, ते धगीच्या कडेला धरावं लागतं. ऑक्सफर्डच्या चमूने पुढे स्वादुपिंडाचा कर्करोग हाती घेतला आहे, ज्याची गाठ इतकी घट्ट असते की औषध तिच्यात शिरायलाच मागत नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तमध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी एमआरआयच्या आत बसवलेलं ध्वनियंत्र वापरण्याचा आराखडा झाला. एमआरआयने सुई न घालता आतलं तापमान वाचता येतं, कारण पाण्यातल्या हायड्रोजनचा चुंबकीय सूर उष्णतेबरोबर किंचित बदलतो. धग मोजत मोजत धरण्याचा हाच मार्ग मला खरा वाटतो.

आपल्याकडे या वाटेवर पावलं पडलेली आहेत. पवईच्या आयआयटीत पल्लब प्रधान, धीरेंद्र बहादूर, रिंटी बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्युनिकच्या शास्त्रज्ञांसोबत २०१० मध्ये उष्णतेला उघडणाऱ्या अशा मेदकुप्या दाखवल्या, ज्यांच्या पोटात डॉक्सोरुबिसिनबरोबर चुंबकीय कणही होते. बदलतं चुंबकीय क्षेत्र दिलं की कण तापतात आणि कुपी आतूनच शेकली जाते. प्रयोग पेशींवरचे होते. पुढे रिंटी बॅनर्जी यांच्या प्रयोगशाळेने मेदकुप्यांना सूक्ष्म वायूचे बुडबुडे जोडून अल्ट्रासाउंडने औषध सोडवण्यावर काम केलं. तिथे उष्णतेऐवजी बुडबुड्याचा धक्का कामी येतो.

सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत टाटा मेमोरियल सेंटर २००३ पासून डेरवणच्या वालावलकर रुग्णालयासोबत गावोगाव कर्करोगाची तपासणी करत आलं आहे. गाठ लवकर सापडावी यासाठी ते काम फार मोलाचं आहे. पण सापडल्यावर पुष्कळांना मुंबई गाठावी लागते. मेदकुपीचं शास्त्र पवईत आहे. मेदकुपीतलं डॉक्सोरुबिसिन विकणारी कंपनी गोरेगावात आहे. ध्वनी एका बिंदूवर आणण्याचा हात मुंबईच्या रेडिओलॉजिस्टांना माहीत आहे. रुग्ण परळमध्ये आहेत. ही चार ठिकाणं लोकलच्या तासाभराच्या अंतरात आहेत, आणि त्यांनी मिळून एक चाचणी उभी करावी असं मला मनापासून वाटतं. जामसंड्याहून संध्याकाळी निघालेली रातराणी पहाटे परळच्या पुलाखाली उभी राहते तेव्हा तिच्यातून उतरणाऱ्यांच्या पिशवीत फाइल असते, आणि फाइलच्या शेवटच्या पानावर आतापर्यंत दिलेल्या लाल औषधाची बेरीज.